रामीबाईचा डिंक आणि कैलासचंदचा कवडसा

१९५४च्या उन्हाळ्यात कैलासचंदने बापाच्या, सुगनचंद शेटजींच्या, गादीसमोर, चारचौघांत, रामीबाईच्या डिंकात पिठीची भेसळ असल्याचं जाहीर केलं, तेव्हा स्वतःच्या हुशारीचं त्याला भारी कौतुक वाटलं. नागपूरच्या कॉलेजात तो हेच शिकत होता. डिंकाच्या पाण्यातून उजेडाची तिरीप सोडायची. ती बाजूला किती विखुरते त्यावरून विरघळलेल्या डिंकाचा रेणू केवढा ते काढायचं. सुट्टीत वाशीमला येऊन त्याने मागची खोली काळोखी केली, बापाच्या सागवानी दाराला भोक पाडलं, आरशाने ऊन आत घेतलं. रामीबाईच्या डिंकाच्या पेल्यात ठिणग्याच ठिणग्या! म्हणजे न विरघळलेले कण, म्हणजे पिठीच, असं त्याने ठरवून टाकलं.

सुगनचंदांनी तिचं गाठोडं मागे सारलं. "पुन्हा ही पायरी चढायची नाही."

"शेटजी, काटे तुडवून आणला धावड्याचा डिंक. पिठी कायले घालू? पिठी असती तं पोराईले भाकर नसती घातली?"

तिच्याच तांड्यावरचा खेमा तिथेच बसला होता. तो मिशीत हसत उठला नि वाटेला लागला. दिवेलागणीपर्यंत तांडाभर होणार होतं: रामी खोटी.

कैलासचंदला अजून खुमखुमी. फरक दाखवावा म्हणून आत जाऊन त्याने नुसत्या पाण्याचा पेला तिरिपेत धरला. त्यातही ठिणग्या!

जैनाचं घर, न गाळलेलं पाणी ओठाला लागत नसे. शास्त्रासाठी म्हणून त्याने हे, डिंक विरघळवला तेच पाणी, दोनदा गाळलं होतं, आईने कालच फाडलेल्या कोऱ्या जाड खादीतून. चमकत होते ते खादीचे तंतू.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पाणी पिऊन टाकलं की पुरावा पोटात. त्याने पेला ओठापर्यंत नेलासुद्धा. बाहेर रामीबाई गाठोड्याची गाठ आवळत होती.

"बाबूजी, थांबा! चूक माझी आहे."

"आता कशावरून खरं मानू?" सुगनचंद गुरगुरले.

मग सगळे डिंकाच्या पेल्यातले तंतू तळाला बसायची वाट पाहत राहिले. ऊन कलत होतं, आरसा वळवून वळवून कैलासचंदचा हात भरून आला. भोकातून शेवटची तिरीप आली ती निथळ डिंकातून सरळ गेली. निळसर, दुधाळ, सलग. ठिणगी एकही नाही. तळाला चार तंतू तेवढे, पिठीचा थर नाही.

सुगनचंदांनी तराजू ओढला.

"वजन मंग करा," रामीबाई म्हणाली. "कैलासभाऊ, खेमासमोर मले खोटी म्हनलं ना? आता तांड्यावर येऊन खरी म्हना."

"येतो मावशी, उद्याच."

दुसऱ्या दिवशी त्याने नागपूरची वाट धरली. दाराचं भोक सुगनचंदांनी लाखेने बुजवलं. रामीबाई दर बाजाराला डिंक घालते नि विचारते, "शेटजी, तुमचा कवडशावाला तांड्यावर कवा येऊन राह्यला?"