लाल झेंडा आणि वरातीची घोडी

दारावरून वरात गेली की मला चिखलीजवळचं ते माळरान आठवतं. नवशिक्या स्वारांची अडथळ्यांची घोडदौड होती, शेजारच्या रानातून सोंगलेल्या हरभऱ्याचा वास येत होता, आणि शेवटच्या चराआधी वेग बघून गुण द्यायला मी उभी होते. कुणी बेफाम आलं तर लाल झेंडा दाखवून थांबवायचं. उतारावरून कॉलेजातली एक पोरगी सुसाट आली. घोडी तिच्या घरचीच, एरवी लग्नात नवरदेव मिरवणारी. "मॅडम, थांबूनच नाही राह्यली हे!" लगाम खेचत ती ओरडली. मी झेंडा वर केला. घोडीला झेंड्याचं काय! पण बक्षीस समारंभासाठी बोलावलेल्या बँडवाल्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं, झेंडा दिसला की वाजवा. त्यांनी धडाक्यात लग्नाचं गाणं धरलं. घोडीनं कान टवकारले, दौड मोडली आणि चराच्या अलीकडेच ती ठुमकत नाचायला लागली. बँड पुढे निघाला तेव्हाच ती हलली, आणि वरातीच्या चालीनं चर उतरून वर चढली. "आता वेग बरोबर हाये ना, मॅडम?" पोरीनं हसत विचारलं. अजूनही वरातीत मी नवरदेवाकडे बघत नाही. घोडीचे पाय बघते आणि मनातल्या मनात पूर्ण गुण देऊन टाकते.