बॅटरीसम्राटाची टू-डी

मंगळवार पेठेतल्या सम्राटनं आयुष्यात काही शोधून काढलं असेल, तर फुकटचा चहा कुठं मिळतो तेवढंच. तरी दुकानाच्या फलकावर मिशांना पीळ देऊन उभा: 'बॅटरीसम्राट'! आधी मोबाइलची कव्हरं विकायचा, आता इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या. दुकान वाढलं, अक्कल कव्हराएवढीच राहिली.

आस मात्र एकच. तालमीच्या वर्धापनदिनी पेठेतल्या एका कर्तबगार माणसाला फेटा बांधतात. सम्राटच्या डोक्याला फेटा लागला तो लग्नात, तोही भाड्याचा.

पुतणी प्रियदर्शनी विद्यापीठात संशोधन करते. जेवताना ती सांगत होती, "काका, आम्ही बॅटरीसाठी टू-डी कंपोझिट करतोय. अणूएवढ्या जाडीचे पापुद्रे. ते एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये कार्बन घालायचा. मग बॅटरी जास्त टिकते." सम्राटचं ध्यान तांबड्या रश्श्यात. कानात शिरलं एवढंच: टू-डी, बॅटरी टिकते.

डी म्हणजे डेज, दुसरं काय! सकाळी फलकावर ओळ चढली: 'टू-डी बॅटरी. एकदा चार्ज, दोन दिवस बिनघोर.' आत माल जुनाच.

तालमीचे अध्यक्ष बाळासो भुलले. फेट्याला सम्राटचं नाव पक्कं केलं आणि तीच बॅटरी आपल्या स्कूटरला बसवली. पहिल्या दिवशी कळंब्याला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी चार्ज न करताच कुरुंदवाडला निघाले. अर्ध्या वाटेत स्कूटर बसली. अध्यक्ष परतले टेंपोतून, दोन म्हशींच्या मधे उभे राहून.

"सम्राट्या, दोन दिवस म्हणलतास न्हवं?"

"टू-डीच हाय की, अध्यक्ष! इचारा पोरीला."

पोरीनं कपाळाला हात लावला. "काका, डी म्हणजे डायमेन्शन! पापुद्र्याला लांबी-रुंदी हाय, जाडी जवळजवळ न्हायच. आणि आमचा माल अजून लॅबच्या भायेर आलाच न्हाय."

"म्हणजे ह्याच्या मेंदूचंबी पापुद्रं चिकटल्यात," बाळासो गरजले. "मधी घाला की कायतरी!"

वर्धापनदिनी फेटा चढला प्रियदर्शनीच्या डोक्यावर. सम्राट केसांना तेल लावून मागच्या खुर्चीत बसला होता, शेवटपर्यंत मान उंच करून. न जाणो, एखादा फेटा उरला तर.

शरम वाटली असेल म्हणता? छे. दुसऱ्या दिवशी रंगारी शिडीवर आणि हा खालून ओरडतोय, "टू पूस, थ्री लिव्ह! जाडी न्हवती म्हणून फेटा हुकला. फुडच्या साली जाडीसकट!"