विनोदची सॉर्टी

मी आर्मी एव्हिएशनमध्ये हेलिकॉप्टर पायलट होतो. गाव करडी, जिल्हा भंडारा. शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होती. चौक्यांवर रेशन पोचवायचं, आजाऱ्यांना खाली आणायचं, हे रोजचं काम. अशा एकेका उड्डाणाला आम्ही सॉर्टी म्हणत असू. युनिटमध्ये आमच्याच जिल्ह्याचा आणखी एक जण होता, अड्याळचा कॅप्टन विनोद रामटेके. ड्यूटीवर तो मला सर म्हणे, मेसमध्ये दादा.

त्या हिवाळ्यात माझ्या मणक्यातली चकती सरकली. उजवा पाय बधिर होऊ लागला. पेडलवर पाय आहे की नाही तेच कळेना, तेव्हा मी स्वतः डॉक्टरकडे गेलो. ऑपरेशन झालं. मेडिकल कॅटेगरी खाली आली, उड्डाण बंद. पुढच्या मेडिकल बोर्डापर्यंत ऑप्स रूममध्ये रेडिओवर बसायचं होतं. पोरं फ्लाइंग सूट घालून समोरून जात आणि मी कमरेला पट्टा बांधून चहा पीत बसे. मान वर करवत नसे.

विनोद म्हणायचा, "कायले जीवाले लावून घेऊन राहिले दादा? पाठ आधी. हेलिकॉप्टर काही पळून नाही जात."

एका सकाळी वरच्या चौकीवरून निरोप आला. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता. हवा बिघडत होती. तिथलं हेलिपॅड अरुंद, आणि तिथे सर्वांत जास्त वेळा उतरलेला मी. युनिटचे प्रमुख सीओ साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग विनोदकडे.

"रामटेके, तुम जाओ."

मी त्याला वारा कुठून फिरतो ते नकाशावर दाखवलं. "समजलं, सर," म्हणून तो निघाला.

रेडिओवर त्याचा आवाज शांत होता. "पॅड इन साइट. टेल विंड. गोइंग अराउंड."

वारा मागून होता; तो न उतरता फेरी मारून पुन्हा येणार होता. "रॉजर," मी म्हणालो.

त्यानंतर आवाज आला नाही. मी हाका मारत राहिलो. शेवटी ऑपरेटरनं माझ्या हातातून माइक काढून घेतला.

विनोदचं हेलिकॉप्टर पॅडजवळ कोसळलं होतं. हवा निवळल्यावर दुसरं हेलिकॉप्टर गेलं. आजारी जवान वाचला. विनोदसोबतचा जखमी को-पायलटही वाचला. विनोद गेला होता.

पार्थिवासोबत मी अड्याळला गेलो. बुद्धवंदना झाली, सलामी झाली. नंतर घरात मी खुर्चीवर बसलो, तर विनोदच्या आईनं उशी आणून माझ्या पाठीमागे ठेवली.

"विनोद फोनवर सांगे, तुमच्या पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून."

"मावशी, त्या दिवशी मीच जायला हवं होतं."

"पाय सुन्न होता ना जी तुमचा? मंग कसे जाता?"

त्या उशीला मला टेकता आलं नाही.

काही महिन्यांनी बंगळूरला बोर्डासमोर उभा राहिलो. वाकवलं, पाय उचलायला लावले, एमआरआय पाहिला. डॉक्टर म्हणाले, "फिट. पण को-पायलट सोबत हवा." मला आनंद झाला, खूप झाला. जिना उतरून खाली येईपर्यंत विनोद आठवलासुद्धा नाही. ऑपरेशननंतरची लाज पुढे विरली. ही अजून आहे.

पुन्हा उडू लागल्यावर त्याच चौकीवर रेशन घेऊन गेलो. हेलिपॅडच्या कडेला जवानांनी दगड रचून त्यावर विनोदचं नाव रंगवलं होतं. खाली गाव: 'अड्याल'. उत्तरेकडच्या पोरांना ळ जमला नव्हता. मी चूक काढली नाही. कॉकपिटमध्ये बसल्या जागेवरून सॅल्यूट केला. शेजारी को-पायलटनंही केला.