बोरी अरबचा ओला रस्ता

आमचे कप्तान धावताना बोलत. चार शब्द नव्हे, अखंड! म्हशीचं दूध, बैलाचा दुखरा पाय, आदल्या दिवशीची वांग्याची भाजी, सगळं त्या धावण्यात येई. आम्हाला श्वास पुरत नसे आणि यांचं आपलं चालूच. ‘अबे, ज्याले बोलता येत नाही, त्याचा दम सरला समज,’ हे त्यांचं शास्त्र. एकदा मी धापा टाकत नुसतं ‘हो’ म्हणालो, तर म्हणाले, ‘हो काय? पुरं वाक्य बोल!’

दारव्ह्याचं आमचं क्रीडा मंडळ म्हणजे पाच गडी, एक वेळूचा दंडा आणि त्या पाचांत हे कप्तान. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. दर हिवाळ्यात दारव्हा ते यवतमाळ सडकेवर शर्यत होई. एकानं आपल्या टप्प्यापर्यंत दंडा न्यायचा, पुढच्याच्या हाती द्यायचा. जिंकणाऱ्याला पितळेची ढाल. ती यवतमाळच्या मंडळाकडे इतकी वर्षं होती की, ती वडिलोपार्जितच आहे असं त्यांना वाटू लागलं होतं.

कप्तान घरचे शेतकरी, तिशी ओलांडलेले. ऐन कापूसवेचणीत घरधनी सडकेवर पळतो, हे वहिनींना मुळीच पटत नसे. त्या वर्षी त्यांनी आमच्यासमोरच निकाल दिला, ‘यंदा ढाल आली नाही, त पळणं बंद. वावरात पळा काय पळाचं ते.’ धावणं सुटलं तर हा माणूस बोलणार कुठे, अशी मला खरोखर काळजी लागली.

बोरी अरबवरून लाडखेडला जाणारा टप्पा कप्तानांचा, लाडखेडपासून पुढचा माझा. आता बोरी ही नेमकी त्यांची सासुरवाडी! जावई अर्ध्या चड्डीत गावातून पळत जाणार, ही खबर गावभर झालेली. सासूबाई भर सडकेत पाण्याचा तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन उभ्या. कप्तान सगळ्यांच्या पुढे होते. सोबत सायकलवर असलेला आमचा गडी ओरडत होता, ‘कप्तान, थांबू नका!’ पण दारावरून जावई पाय न धुता गेला, तर त्या माउलीनं गावात तोंड कसं दाखवायचं? कप्तान थांबले. पाय धुवून घेतले, ओवाळून घेतलं, वर गूळपाणीही प्याले. तेवढ्यात यवतमाळवाला पुढे निघून गेला.

लाडखेडला आले ते कपाळावर कुंकू आणि मिशीत तांदूळ अशा थाटात. चिकट दंडा माझ्या हाती कोंबून म्हणाले, ‘पळ लेका, सासरचा आहेर हाय!’ मी जीव तोडून पळालो. ढाल काही आली नाही.

वहिनींनी सगळी हकिगत ऐकली. हसू दाबत म्हणाल्या, ‘माह्या मायपायी हारले, म्हून एक साल माफ. पुढं नाही.’ आणि माहेरी निरोप धाडला.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी काय करावं? शेजारणींना घागरी भरून आणायला लावल्या आणि स्वतःच्या हातानं सगळं पाणी सडकेवर ओतलं. स्वतः कडेला उभ्या राहिल्या. कप्तान त्या पाण्यातून फचाफच पळत गेले. ‘धुतले, मामी, पाय धुतले!’ आणि मागून सासूबाई, ‘जवाईबुवा, थांबू नका, पळा!’

ती ढाल आम्ही ढोल वाजवत आणली. पुढेही दर हिवाळ्यात बोरीची सडक ओली असे आणि ढाल आमच्याकडेच राही.

मग एका पावसाळ्यात सासूबाई गेल्या.

त्या हिवाळ्यात माझा पाय मुरगळला होता, म्हणून माझा टप्पा दुसऱ्याला देऊन मी सायकलवर कप्तानांच्या सोबत होतो. ते इतरांच्या बरेच पुढे होते आणि मला बैलबाजारातली एक लांबलचक गंमत सांगत होते. बोरी आलं. लोक कडेला उभे राहून हाका मारत होते. जावयाचे पाय धुण्याचा मान सासूचा, म्हणून दुसऱ्या कोणी घागर उचलली नव्हती. सडक कोरडी होती.

कप्तानांची गंमत अर्ध्यातच तुटली. त्या जागी येऊन ते थांबले. ‘कप्तान, काहून थांबले? पळा!’ मी ओरडलो. त्यांनी दंडा काखेत धरला, हात जोडले आणि तसेच उभे राहिले. मागचा यवतमाळवाला आम्हाला ओलांडून गेला. मग कप्तान पळाले, पण लाडखेडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला सायकलवरच रडू आलं.

ढाल गेली. संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर माना खाली घालून बसलो. ढाल नाही तर धावणं नाही, ही वहिनींची अट कोणीच विसरलं नव्हतं. कप्तान नुसते पायांकडे बघत होते. शेवटी मीच वहिनींना बोरीला काय झालं ते सांगितलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

‘पुढच्या साली पाणी मी ओतीन,’ त्या म्हणाल्या. ‘पण थांबाचं नाही.’