कनकाची पदवी आणि कोळशाची इस्त्री

माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. पण शाळा सोडल्याचा दाखला मी अजून जपून ठेवलाय. त्यावर तुपाचा डाग आहे, कारण आमचे गुरुजी पुरणपोळीच्या ताटावरून उठून सही करायला आले होते. त्या डागासकट मला रेल्वेत नोकरी लागली, मद्रासला आलो आणि इथलाच झालो. तेव्हा कागद म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण गोष्ट माझी नाही, कनकाची आहे.

वेलचेरीत आमच्या इमारतीमागे तळं आहे आणि तळ्याकाठी चेरी. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती म्हणतात ना, तीच. कनका तिथली पहिली पदवीधर. बाप गटारं उपसायचा, मुलगी शोळिंगनल्लूरला संगणकाच्या कंपनीत लागली. दर रविवारी ती चेरीतल्या शाळेच्या ओसरीवर पोरांना घेऊन बसे. तिच्यामागून आणखी तिघं पदवीधर झाली, त्यांनाही तिने तिथंच जुंपलं. शिकून वर गेलेल्याने रविवारी खाली यायचं, असा तिने कायदाच केला. मी एकदा सहज डोकावलो आणि पोरांना पावकी म्हणून दाखवली. एक अक्षर कळलं नाही, पण पोरं हसून लोळली. तेव्हापासून मी त्यांचा ताता, म्हणजे आजोबा.

दोन हजार पाचच्या पुरात चेरीत छातीएवढं पाणी चढलं. माणसं वाचली, कागद गेले. जातीचा दाखला नाही तर राखीव जागा नाही, आणि राखीव जागा नाही तर कॉलेज नाही. कनकाने सहा महिने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, एकेक दाखला नव्याने काढला. हातात पडला की लगेच लॅमिनेशन. बायकांना पटावं म्हणून आधी स्वतःची पदवी प्लास्टिकमध्ये घातली आणि सगळ्यांसमोर पाण्याच्या बादलीत बुडवून काढली. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. चाळीस घरांचे कागद माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रंकेत आले, कारण तिथवर पाणी चढत नाही.

पुढच्या जुलैत सेल्वीचा नंबर आला. अभियांत्रिकीपर्यंत पोचलेली चेरीतली ही पहिली मुलगी. आई आमच्याच इमारतीचे जिने झाडते. प्रवेशाच्या दिवशी कनकाने रजा काढली. सेल्वी, तिची आई, कनका आणि पिशवीभर कागद घेऊन मी, असे चौघे गेलो. काय लागेल सांगता येत नाही म्हणून मी कनकाची पदवीसुद्धा पिशवीत टाकली होती.

खिडकीतल्या कारकुनाने सेल्वीचा दाखला उलटा केला आणि त्यावर नख फिरवलं. मूळ दाखल्याच्या पाठीवर शिक्का मारायचा नियम होता. माणूस वाईट नव्हता, त्याने मारून पाहिला. शाईचे थेंब थेंब झाले आणि त्याच्याच बाहीला पुसले गेले. त्याने सांगितलं, एक वाजता हिची तुकडी संपते. तोवर शिक्क्याचा दाखला नसेल तर नाव खुल्या यादीत जाईल. खुल्या यादीत सेल्वीच्या गुणांना काही मिळणार नव्हतं, आणि नवा दाखला म्हणजे किमान पंधरा दिवस. घड्याळात सव्वाअकरा.

सेल्वीची आई बाकावर बसून होती. कनकाकडे न बघता ती म्हणाली, "चुलीमागे खोचून ठेवला असता तर बरं होतं. शिकलेल्यांच्या हातात दिला, त्यांनी मढवून ठेवला."

 कनका उठली आणि थेट फाटकाबाहेर गेली. तिथं झाडाखाली एका इस्त्रीवाल्याची गाडी होती. त्याच्याकडे तिने कोळशाची इस्त्री मागितली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"ताता, आधी माझी पदवी द्या."

माझा हात पिशवीतच राहिला. माझा दाखला प्लास्टिकमध्ये असता तर मी तोच पुढे केला असता. इस्त्रीवाला म्हणाला, "अम्मा, शर्ट जळला तर मी दुसरा आणून देतो. हा जळला तर?"

"माझी नोकरी झाली आहे याच्यावर," कनका म्हणाली. "तिची व्हायची आहे."

तिने समोरची बाजू गरम केली आणि कोपऱ्यातून प्लास्टिक ओढलं. अक्षरं प्लास्टिकबरोबर निघून आली. आधी विद्यापीठ गेलं, मग तिचं अर्धं नाव. मी तोंड फिरवलं. तिने मात्र कागद उलटा केला, ओलं फडकं घातलं, इस्त्री जरा निवू दिली आणि पाठीचं प्लास्टिक केसाकेसाने सोडवलं. कागदाची पातळ साल गेली, पण पाठीवर जायला अक्षरंच नव्हती. तिथं तिने पेनाने रेघ ओढली. शाई बसली.

मग सेल्वीचा दाखला. कागद सरकू नये म्हणून कोपरे सेल्वीच्या आईने धरले. 

खिडकीशी परत आलो तेव्हा पाऊण वाजला होता. कारकुनाने कागद चाचपला आणि साहेबांना विचारावं लागेल म्हणाला. साहेब चहाला गेलेले. सेल्वी भिंतीला टेकून ओढणीचं टोक चावत राहिली. मी नवस बोललो; कुठल्या देवाला ते आता आठवत नाही. एकला पाच कमी असताना साहेब आले. त्यांनी खरखरीत पाठीवर अंगठा फिरवला आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं.

"मी," कनका म्हणाली. "प्लास्टिकही मीच लावलं होतं."

 साहेबांनी शिक्का उचलला. शाई कडेने फुटली, पण बसली.

सेल्वीला जागा मिळाली. मी फाटकाबाहेर सगळ्यांना दुधाचा थंडगार जिगरठंडा पाजायला निघालो, पण तिघी थेट बसकडे वळल्या. बसमध्ये कनका खिडकीला डोकं टेकून बसली होती. वेलचेरी आलं तेव्हा म्हणाली, "अजून एकोणचाळीस आहेत, ताता."

आता रविवारी शिकवणी संपली की चौघं पदवीधर माझ्या घरी येतात आणि सुनेच्या इस्त्रीने दाखल्यांच्या पाठी सोडवतात. चोवीस झाले. दोन जळले, त्यांच्यासाठी कनका पुन्हा तहसील कचेरीत खेटे घालते आहे. तिच्या पदवीची दुसरी प्रत काढायची राहिलीच आहे. विचारलं की म्हणते, आधी हे संपू दे.

गेल्या रविवारी सेल्वीची आई वर आली.  पदराखालून रेशनकार्ड काढलं, प्लास्टिक नसलेलं, कोपरे मुडपलेलं. ट्रंकेत ठेवायला आणलं असेल म्हणून मी हात पुढे केला. तिने ते कनकाला नुसतं दाखवलं आणि हे माझ्यापाशीच बरं, अशा थाटात परत पदराखाली घातलं. मग खाली बसून पुढच्या दाखल्याचे कोपरे धरले.