पलंग ते खुर्ची

बाबांना पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवताना आई त्यांचं तोंड आपल्या खांद्यात दडवते. अर्धांगवायू झाल्यापासून मधल्या दोन हात फरशीची त्यांना भीती वाटते. "खाली बघू नका हं, आलंच," असं म्हणत ती त्यांना छातीशी धरून वळते, खुर्चीत टेकवते आणि रिकाम्या हातांनी पलंगाची चादर झटकायला परत जाते.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेशीत सगळीकडे पाणी, आणि स्निग्ध रेणूला पाण्याचं वावडं. त्याला पेशीतल्या एका स्निग्ध पडद्यातून दुसऱ्या पडद्यात जायचं असतं, तेव्हा काही प्रथिनं त्याला आपल्या पोटातल्या खोबणीत दडवतात, मधलं पाणी ओलांडतात, पलीकडे ठेवतात आणि रिकामी परततात. हे फळ्यावर काढत असताना एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग ते प्रथिन स्वतः कुठे जातं?"

"कुठेच नाही," मी सहज म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

गेल्या रविवारी भावाला बाबांजवळ बसवून मी आईला हट्टाने तळ्यावर नेलं. कितीतरी वर्षांनी ती अशी नुसती बसायला बाहेर पडली होती. वारा छान होता. ती बाकाच्या कडेला बसली होती. तिचे दोन्ही हात कोपरात वाकलेले, छातीपासून जरा दूर, मध्ये एका माणसाएवढी जागा सोडून धरलेले.

"आई, हात सैल सोड ना जरा."

"सैलच आहेत की," ती म्हणाली.