कुंपणाच्या भिंतीवरचे दोन शब्द

मी मराठीत एम. ए. केलंय हे कार्यालयात कुणाला सांगायचं नाही, असं मी नोकरीला लागतानाच ठरवलं होतं. पण ते अर्जात लिहिलेलं असतंच. एका सोमवारी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आपल्या कुंपणाच्या भिंतीवर ध्येयवाक्य हवंय. आपण कशासाठी आहोत ते लोकांना एका ओळीत कळलं पाहिजे. तुमचं मराठी चांगलं आहे म्हणे."

मी एका प्रभाग कार्यालयात आवक-जावक सांभाळते. म्हणजे लोकांचे अर्ज घ्यायचे आणि त्यांवर शिक्का मारायचा. आपण कशासाठी आहोत, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. त्या संध्याकाळी बोळिंजच्या घरी मेथी निवडता निवडता मी ओळी रचल्या. 'जनसेवा हेच व्रत' ही साहेबांना शाळेच्या गणवेशावरची वाटली. 'पाणी, रस्ते, दिवे, गटारं, सारं तुमच्यासाठी' यातली गटारं त्यांना खटकली. शेवटी एक ओळ पसंत पडली: 'आम्ही नाही थांबणार, तुमचं काम नाही थांबू देणार.' जरा निवडणुकीची वाटत होती, पण तिच्यात जोर होता.

नायगावहून एक पेंटर आला. त्याने भिंतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, अक्षरं मोठी काढतो. चालत्या रिक्षातून पण वाचता आली पाहिजेत." बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याचे निळ्या रंगातले दोन शब्द झाले. एकेक अक्षर म्हशीएवढं आणि फार देखणं. मग शिडी आमच्या जिन्याखाली ठेवून तो मेव्हणीच्या लग्नाला गावी गेला. फोनही बंद.

गुरुवारी सकाळी मी रिक्षातून उतरले आणि जागच्या जागी उभी राहिले. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लिहिलं होतं: 'आम्ही नाही'.

दिवसभर लोक भिंतीसमोर उभे राहून फोटो काढत होते. एका गृहस्थांनी माझ्या खिडकीशी येऊन अगदी सभ्यपणे विचारलं, "कार्यालय कुठे हलवलंय?" साहेब मागच्या फाटकाने ये-जा करू लागले. मी एका कागदावर 'वाक्य अपूर्ण आहे' असं लिहून तो शिपायांना भिंतीवर चिकटवायला दिला. थोड्या वेळाने ते परत येऊन म्हणाले, "मॅडम, लोक म्हणतात, पूर्णच आहे."

शुक्रवारी गिरीजहून एक आजी आल्या. त्यांच्या वाडीला लागून असलेलं गटार तुंबलं होतं आणि पाणी केळींच्या बुंध्याशी साचत होतं. आजींची घरची बोली वेगळी, पण कार्यालयात त्या शाळेतलं मराठी बोलत होत्या, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. अर्ज माझ्यासमोर ठेवत त्या म्हणाल्या, "बाय, बाहेर लिहिलंय तुम्ही नाही. मग कोण, ते तेवढं सांग. मी तिकडे जाते."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पूर्ण ओळ म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उरलेलं कधी लिहिणार?"

"सोमवारी, आजी."

"मग गटार पण सोमवारी?"

ती ओळ माझीच होती, त्यामुळे मला फार लाजल्यासारखं झालं. मी सफाईच्या मुकादमांना गाठलं. दोन कामगार घेऊन ते निघाले आणि मीही त्यांच्या गाडीत चढले. आवक-जावकच्या बाईने गटारावर जायचं काही कारण नसतं. साहेबांनी खिडकीतून पाहिलं.

गिरीजला कामगारांनी फरशी उचलली. आत हात घालून एकाने केळीचा खांब ओढून काढला. मग दुसरा, मग तिसरा. एकूण सात निघाले, सगळे कोयत्याने सरळ कापलेले. त्या गल्लीत केळीची वाडी एकच होती, आजींची. आम्ही सगळे आजींकडे बघू लागलो. आजींनी खांबांकडे बघितलं, मग मुकादमांकडे.

"आम्ही नाही," त्या म्हणाल्या.

मुकादम हसत हसत रस्त्याच्या कडेलाच बसले. आजींनी तोंडाला पदर लावला होता, पण त्यांचे खांदे हलत होते. पाणी खळखळत वाहू लागलं तेव्हा त्यांनी कबूल केलं, की खांब गटाराच्या उघड्या तोंडाशी रचून ठेवले होते, ते कधी आत घसरले कळलंच नाही. निघताना त्यांनी मला एक केळफूल दिलं. ते कसं सोलायचं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शनिवार-रविवार माझी बोटं त्याच्या चिकाने काळी होती.

सोमवारी पेंटर उगवला. त्याने तिसरा शब्द काढला आणि तिथे भिंत संपली. पुढे फाटकच होतं. 'आम्ही नाही थांबणार' हे साहेबांनी रस्त्यापलीकडे उभं राहून दोनदा वाचलं. तेवढ्यात घड्याळात पावणेसहा झाले आणि आमचा निम्मा स्टाफ पिशव्या घेऊन त्या ओळीसमोरून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी भिंतीला पुन्हा चुना लागला. साहेब म्हणाले, "ध्येय राहू द्या. कुठल्या खिडकीवर काय काम होतं, तेवढं लिहा." ती यादी मला अर्ध्या तासात जमली. पेंटरने ती बोटभर अक्षरांत काढली. लोक ती वाचतात आणि नेमक्या खिडकीवर येतात. बहुतेक कामं अर्जापासूनच सुरू होतात, त्यामुळे माझ्यासमोरची रांग दुप्पट झाली आणि तेव्हापासून मी डबा गार खाते.